डीपीपाशी एक, पुस्तकापाशी एक

दोन मुली पाठीला पाठ लावून सतरंजीवर बसल्या आहेत. एकीच्या मांडीवर करड्या रंगाची पत्र्याची पेटी आहे, दुसरीच्या हातात सोळा पानांचं पुस्तक. पेटीवाली सांगते, "चार तारा हायेत. लाल, पिवळी, लाल, काळी." पुस्तकवाली पान उलटते. "खांबाचा नंबर?" "सत्तावीस." "मंजे एकी. थांब. शेवटची लाल काढ." पेटीवालीचा हात तारेकडे जातो आणि मध्येच थबकतो. "शेवटची मंजे वरून का खालून?"

पुस्तकात तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. पुस्तक मी लिहिलं होतं, पेटी समोर ठेवून लिहिलं होतं, आणि पेटी समोर असताना 'शेवटची' म्हणजे कोणती हा प्रश्न मला पडलाच नव्हता. पेटी न पाहता फक्त पुस्तक वाचणाऱ्या त्या मुलीमुळे तो पडला. तिने दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, "वरून मोज. वाचतात वरूनच ना." तार निघाली, हिरवा दिवा लागला. पुढच्या प्रतीत मी पहिल्याच पानावर 'तारा नेहमी वरून खाली मोजाव्यात' ही ओळ घातली.

या पेटीमागे एक व्हिडिओ गेम आहे. 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स' हे त्याचं नाव. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या स्टील क्रेट गेम्स या छोट्या चमूने तो केला. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल गेम जॅम' या, दोन दिवसांत गेम बनवण्याच्या जागतिक उपक्रमात त्याचा पहिला आराखडा झाला आणि २०१५ मध्ये तो बाजारात आला. एका खेळाडूला पडद्यावर एक बॉम्ब दिसतो. त्यावर तारा, बटणं, चिन्हं, चक्रव्यूह अशी वेगवेगळी कोडी असतात आणि उलटं धावणारं घड्याळ असतं. बाकीच्यांना पडदा दिसत नाही. त्यांच्याकडे छापलेली २३ पानांची पुस्तिका असते आणि कोडी सोडवण्याचे सगळे नियम तिच्यात असतात. ज्याला दिसतं त्याला नियम माहीत नाहीत, ज्याला नियम माहीत आहेत त्याला दिसत नाही. चूक झाली की घड्याळ जोरात पळू लागतं. तिसऱ्या चुकीला खेळ संपतो.

ही पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, त्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी या खेळाच्या खऱ्याखुऱ्या, हातात धरता येतील अशा पेट्या तयार केल्या आहेत. खऱ्या तारा, खरी बटणं, आत एक-दोन मायक्रोकंट्रोलर. मलाही चंद्रपुरात बसून हेच करायचं होतं. आसपासच्या शाळांमधून ती फिरवायची होती आणि पुढे गडचिरोलीत आतपर्यंत न्यायची होती. पहिला निर्णय मात्र सोल्डरिंग गन हातात घेण्याआधीच झाला: यात बॉम्ब असणार नाही.

कारण सांगायला फार शब्द लागत नाहीत. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात पोलिसांच्या शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. गडचिरोलीच्या ज्या वर्गात मी ही पेटी उघडणार, तिथल्या एखाद्या मुलाचा बाप, मामा किंवा शेजारी पोलीस दलात असतो. एखाद्याचा कुणी दुसऱ्या बाजूला गेलेलाही असतो. त्या मुलांसमोर तारा बाहेर आलेली पेटी ठेवून 'हा फुटायच्या आत वाचवा' असं मी म्हणू शकत नाही. शिवाय पेटी एसटीने जाणार, वाटेत नाकाबंदी लागणार. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या आयर्व्हिंग शहरात १४ वर्षांच्या अहमद मोहमद या विद्यार्थ्याने घरी बनवलेलं घड्याळ शाळेत नेलं, तर ते बॉम्बसारखं दिसतं म्हणून त्याला बेड्या घातल्या गेल्या. कुणा पोराच्या वाट्याला ती वेळ माझ्या पेटीमुळे येऊ नये. म्हणून पेटीवर उलटं घड्याळ नाही, झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचं आहे, आणि आतल्या प्रत्येक भागावर त्याचं नाव मराठीत चिकटवलेलं आहे.

मग बॉम्बच्या जागी काय? उत्तर खेड्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी आधीच होतं: डीपी. ज्याला कागदोपत्री वितरण रोहित्र म्हणतात त्याला अख्खा ग्रामीण महाराष्ट्र डीपी म्हणतो. ११ हजार व्होल्टची लाईन खांबावरून त्यात येते आणि घराघरांना, मोटारींना चालेल इतकी होऊन बाहेर पडते. आणि ही डीपी दुरुस्त करण्याची पद्धत म्हणजे दोघांनी मिळून सोडवायचं कोडंच असतं. लाइनमन खांबापाशी असतो, ऑपरेटर सबस्टेशनात. लाइनमनला बिघाड दिसतो, पण फीडर चालू आहे की बंद हे त्याच्या हातात नाही. ऑपरेटरच्या हातात ब्रेकर आहे, पण खांबावर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून 'परमिट' घ्यावं लागतं. लाइनमन परमिट मागतो, ऑपरेटर लाईन बंद करून अर्थिंग करतो आणि परमिट देतो, लाइनमन डिस्चार्ज रॉड लावून खात्री करतो, काम करतो, माणसं खाली उतरली हे पाहून परमिट परत करतो आणि मगच लाईन चार्ज होते. या साखळीतला एक शब्द चुकीचा ऐकला गेला, एका फीडरच्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं, तर माणूस खांबावरच जातो. ओटावातल्या लोकांनी गंमत म्हणून जे रचलं, ते आमच्याकडे रोज कुणीतरी जीव मुठीत धरून करतं. हे मुलांना कळावं असं मला मनापासून वाटत होतं.

रेल्वेने तर हीच गोष्ट लोखंडात ओतली होती. गोंदियाहून नागभीड, मूल, चांदा फोर्टमार्गे बल्लारशाला जाणारी लाईन आमची. देसाईगंज म्हणजे वडसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला आलेलं एकुलतं स्टेशन याच लाईनीवर. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या सुटू नयेत म्हणून भारतात अनेक दशकं 'नील्स बॉल टोकन' हे यंत्र वापरलं गेलं. शेजारच्या दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, आत पोलादी गोळे, मध्ये विजेची तार. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेल तरच गाडी पुढच्या टप्प्यात शिरणार. आणि हा गोळा एकट्या स्टेशन मास्तरला काढताच येत नाही. पलीकडच्या मास्तरने आपल्या यंत्राची कळ दाबून धरली तरच अलीकडचा दांडा फिरतो आणि गोळा खाली पडतो. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही. दोघांचं बोलणं घंटीच्या ठोक्यांवर चालायचं: एक ठोका म्हणजे फोनवर या, दोन म्हणजे लाईन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी निघाली, चार म्हणजे पोचली, सहा म्हणजे धोका. मूळ खेळात एका कोड्यात मोर्सचा दिवा लुकलुकतो. मी तो काढून तिथे ही घंटी बसवली. पेटीतला बझर ठोके देतो, ऐकणारा ते पुस्तकवालीला मोजून सांगतो, आणि पुस्तकवाली उत्तरादाखल किती ठोके द्यायचे ते सांगते.

आता घड्याळ. बॉम्ब नाही तर घाई कसली? इथे भामरागड मदतीला आलं. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरचं हे गाव. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की जगापासून तुटतं. असं पूर आलेलं गाव, गेलेली लाईट आणि आरोग्य केंद्रात लशींचा फ्रीज. लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवाव्या लागतात. म्हणून आमच्या पेटीवर वेळ दिसत नाही, तापमान दिसतं. ते २.० वर सुरू होतं आणि दर ५ सेकंदांनी एका दशांशाने चढतं. २.० ते ८.० म्हणजे ६० पायऱ्या, म्हणजे बरोबर ५ मिनिटं. एक चूक झाली की पायरी ४ सेकंदांची होते, दुसरी झाली की ३ सेकंदांची. खऱ्या फ्रीजमध्ये बर्फाचं अस्तर असतं आणि लाईट गेल्यावरही तो कित्येक तास थंडावा धरून ठेवतो, हेही पुस्तकात शेवटच्या पानावर लिहिलंय. पाच मिनिटांत लस खराब होते असं कुणा मुलाने घरी जाऊन सांगू नये.

पहिल्या पानावर मात्र दुसरंच काही आहे, ठळक अक्षरात: ही पेटी ५ व्होल्टची आहे, खऱ्या डीपीजवळ कधीही जायचं नाही. आमच्या जिल्ह्यांत पिकाला रानडुकरांपासून वाचवण्यासाठी कुंपणात चोरून वीज सोडतात. त्याने वाघ मेले आहेत, आणि रात्री शेताकडे निघालेली माणसंही. तारेचा खेळ इथल्या मुलांच्या हातात देताना हे सांगायचं राहून गेलं तर तो खेळ देऊच नये.

पेटीच्या आत काय आहे ते आता पाहू. तारांचं कोडं सगळ्यात सोपं वाटतं आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला. मूळ खेळात तार कापतात. खऱ्या पेटीत दर डावाला तारा कापल्या तर परवडणार नाही, म्हणून तार उपटायची: दोन्ही टोकांना पिन, पेटीवर सॉकेट. प्रश्न असा की कोणत्या सॉकेटमध्ये कोणत्या रंगाची तार आहे हे पेटीला कळायचं कसं? तांब्याला रंग नसतो. युक्ती अशी की प्रत्येक तारेच्या पिनमध्ये एक रेझिस्टर लपवायचा आणि रंगागणिक त्याची किंमत वेगळी ठेवायची. लाल १ किलोओहम, पिवळी २.२, निळी ४.७, काळी १०, हिरवी २२. पेटीच्या बाजूने १० किलोओहमचा एक रेझिस्टर ५ व्होल्टला जोडायचा. दोन रेझिस्टर एकापुढे एक आले की मधल्या बिंदूवर व्होल्टेज वाटलं जातं, आणि आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ते ० ते १०२३ या आकड्यात वाचतो. लाल तार लावली की आकडा ९३ च्या आसपास येतो, पिवळीला १८४, निळीला ३२७, काळीला ५१२, हिरवीला ७०३. तार उपटली की थेट १०२३. नॅनोवर व्होल्टेज वाचणाऱ्या ८ पिना असतात. त्यातल्या दोन बाकीच्या भागांशी बोलायला जातात, सहा उरतात, आणि आपल्याला तारा सहाच हव्या असतात.

रंग मी आर-वाय-बी घेतले, म्हणजे लाल, पिवळा, निळा. थ्री-फेजच्या तारांना आपल्याकडे हेच रंग, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा. त्यामुळे एक नियम मूळ खेळात नाही पण आमच्यात आहे: हिरव्या तारेला कधीच हात लावायचा नाही. ती उपटली की चूक, मग बाकी काहीही असो. शिवाय प्रत्येक तारेवर टेपचे वेढे आहेत, लालला एक, पिवळीला दोन, असे. लाल-हिरव्यात फरक न दिसणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि बहुतेकांना ते माहीतही नसतं.

उन्हाळाभर हे छान चाललं. ऑगस्टमध्ये एका आश्रमशाळेतून पेटी परत आली ती तक्रार घेऊनच: बरोबर तार काढली तरी लाल दिवा लागतो. मी मीटर लावून बसलो. पावसाळी दमट हवेत स्वस्तातल्या पिना काळवंडल्या होत्या आणि पिन-सॉकेटच्या सांध्यातच सहाशे ओहमपर्यंत अडथळा तयार झाला होता. लाल तारेचा १ किलोओहम पेटीला १.६ वाटत होता, आकडा ९३ वरून १४१ वर गेला होता, आणि लाल-पिवळ्याची सीमारेषा मी १३८ वर आखली होती. पेटी लाल तारेला पिवळी समजत होती. मुलं बरोबर होती, पुस्तक बरोबर होतं, पेटी खोटं बोलत होती. त्यांनी चार दिवस आपलंच चुकतंय असं मानून पुन्हा पुन्हा नियम वाचला होता, हे ऐकल्यावर मला फार वाईट वाटलं. उपाय सोपा होता. रेझिस्टर मोठे घ्यायचे: ४.७, १०, २२, ४७ आणि १०० किलोओहम, आणि पेटीकडचा २२ चा. आता सांध्यात सहाशे ओहम घुसले तरी लालचा आकडा १८० वरून १९९ वर जातो, आणि सीमा २५० वर आहे. सोबत पिना सोनेरी मुलाम्याच्या घेतल्या. चंद्रपूरच्या ४७ अंशांच्या उन्हात जे टिकतं ते पुढच्या दोन महिन्यांतल्या पावसातही टिकेल असं धरून चालू नये.

आतले भाग एकमेकांशी दोनच तारांवर बोलतात. त्या पद्धतीला आय-स्क्वेअर-सी म्हणतात. एका तारेवर मजकूर, दुसरीवर ताल. मधला नॅनो हजेरी घेतल्यासारखा एकेका भागाचा नंबर पुकारतो, ज्याचा नंबर तो उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात. यात एक खोड आहे. एखादा भाग बोलता बोलता मध्येच बंद पडला आणि मजकुराची तार खाली ओढून बसला, तर सगळी पेटी मुकी होते. असं झालं तर तालाच्या तारेवर नऊ ठोके द्यायचे. अडकलेला भाग आपलं अर्धवट वाक्य पुरं करतो आणि तार सोडतो. हे मला कळेपर्यंत मी पेटी बंद-चालू करत होतो.

वीज कुठून घ्यायची हाही प्रश्न होता. गावातल्या फ्लक्च्युएशनवर भरवसा नाही, म्हणून मोबाइलची पॉवर बँक लावली. पेटी फार कमी करंट घेते. पॉवर बँकेला वाटायचं फोन पूर्ण चार्ज झाला, आणि ती अर्ध्या डावात बंद व्हायची. शेवटी १८६५० चा सेल, त्याचा चार्जर आणि व्होल्टेज चढवणारं एक छोटं सर्किट असं स्वतःच जोडलं.

आणि एक गोष्ट मुलांनी पकडली ती मी पकडायला हवी होती. एका शाळेत तिसऱ्या दिवशी एक जोडी पुस्तक न उघडताच दीड मिनिटात पेटी सोडवत होती. मायक्रोकंट्रोलरला रँडम आकडा मागितला तर तो खरा रँडम देत नाही, एका ठरलेल्या यादीतून देतो, आणि सुरुवात कुठून करायची ते सांगितलं नाही तर चालू केल्यावर प्रत्येक वेळी यादीच्या पहिल्याच आकड्यापासून निघतो. म्हणजे सकाळचा पहिला डाव रोज तोच, दुसरा डावही तोच. मुलांनी डाव वहीत उतरवून ठेवले होते, क्रमांक घालून. आता पहिलं बटण कुणीतरी दाबेपर्यंत किती मायक्रोसेकंद गेले तो आकडा घेऊन यादी तिथून सुरू होते. माणसाचं बोट दोनदा त्याच मायक्रोसेकंदाला पडत नाही.

मूळ खेळात एक कोडं चिन्हांचं आहे. चार बटणांवर चार विचित्र अक्षरं असतात. पुस्तिकेत सहा रांगा, प्रत्येकीत सात चिन्हं. चारही चिन्हं ज्या एका रांगेत सापडतील त्या रांगेच्या क्रमाने बटणं दाबायची. खरी मजा चिन्हाचं वर्णन करण्यात असते. मी त्या अक्षरांच्या जागी जंगलातले ठसे घेतले. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ मध्ये अंधारीसकट व्याघ्र प्रकल्प. त्याच्या भोवतालच्या गावांतली मुलं ठसे बघतच वाढतात. वाघ-बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत, कारण ती आत ओढलेली असतात. रानकुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात दिसतात. अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या अनवाणी पायासारखा, फक्त नखांच्या खुणा पुढे लांबवर. चितळ, सांबर, रानगवा यांचे खूर.

मी सगळे ठसे बटणात नीट बसावेत म्हणून एकाच मापात छापले होते. ताडोब्याच्या बफरमधल्या एका शाळेत पाचवीतला एक मुलगा पेटी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हे दोन एकच हायेत. मोठा केला तर सांबर, लहान केला तर चितळ." त्याचं खरं होतं. वाघ आणि बिबट्याचंही तेच. जंगलात ठशाचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवतात ती याचसाठी. आता प्रत्येक ठशाशेजारी त्याच मापात आगपेटीची एक काडी काढलेली आहे. मुलं सांगतात, "काडीपेक्षा कितीतरी मोठा, नखं नाहीत, मागच्या गादीला तीन गोळे." पलीकडून उत्तर येतं, "वाघ." इथे मुलांचा सगळ्यात कमी वेळ यात जातो, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांचा सगळ्यात जास्त.

ज्या एका कोड्याचं भाषांतर होऊच शकत नव्हतं ते शब्दांचं. इंग्रजीत एकसारखे ऐकू येणारे शब्द पडद्यावर येतात आणि फोनवर कोणता शब्द ते कळत नाही. मराठीत असे शब्द शोधायला मी आधी शब्दकोश उघडला, दीन-दिन, शीर-शिर अशी यादी केली. ती पुस्तकी होती, कुणी तसं बोलत नाही. मग माझ्याच घरातल्या बोलण्याकडे कान दिला. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत ण नाही आणि ळ नाही. ण चा न होतो, ळ चा र. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. आता पेटीवर 'कळ' हा शब्द आला आणि झाडीतल्या मुलाने तो वाचला तर पलीकडे 'कर' असं ऐकू येतं. माळ आणि मार एक होतात. गाळ आणि गार, मण आणि मन, तळ आणि तर. लहानपणापासून ज्या उच्चाराला 'अशुद्ध' म्हणून ओरडा खाल्ला, त्याच उच्चारातून आख्खं कोडं तयार झालं.

या कोड्याच्या वेळी वर्गात जे ऐकू येतं ते मी कधी विसरणार नाही. "मार." "कोन्ता मार? गऱ्यातला का पाठीतला?" "गऱ्यातला!" "मग दुसरं बटन." पेटीवर 'माळ' होतं. 'गळ्यातला' या शब्दातला ळ सुद्धा र झाला होता आणि तरी कुणाचं काही अडलं नाही. आपल्या बोलीत दोन शब्द एक होतात हे मुलांना नेमकं ठाऊक असतं आणि ते वेगळे कसे करायचे हेही ठाऊक असतं. प्रमाण मराठीत शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा डाव एकदा तरी बाजूला उभं राहून ऐकावा.

हे शब्द पेटीवर दाखवणं तेवढं सोपं नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या सोळा अक्षरी दोन ओळींच्या स्वस्त पडद्यात देवनागरी नसते आणि स्वतःची अक्षरं फक्त आठ घालता येतात, तीही ५ बाय ८ ठिपक्यांत. 'ळ' त्यात मावत नाही. म्हणून १२८ बाय ६४ ठिपक्यांचा छोटा ओएलईडी घेतला आणि प्रत्येक शब्द चित्र म्हणून साठवला. १२८ बाय ३२ ठिपक्यांचं एक चित्र ५१२ बाइट घेतं. वीस शब्दांना १० किलोबाइट, आणि नॅनोकडे प्रोग्रामसाठी सगळे मिळून ३२. यंत्राच्या स्मरणातला जवळजवळ तिसरा हिस्सा मी वीस शब्दांना दिला. त्यापेक्षा चांगल्या कामाला तो गेला असता असं मला वाटत नाही.

गडचिरोलीत आत गेलं की झाडीबोलीही मागे पडते. भामरागड, एटापल्लीत माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. गोंडी आणि माडिया या द्रविड कुळातल्या भाषा. तीनला गोंडीत मुंड म्हणतात आणि तेलुगूत मूडु, चारला नालुंग आणि नालुगु. या मुलांच्या शाळेतलं पुस्तक मात्र मराठीत. धानोरा तालुक्यात मोहगावच्या परिसरातल्या ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच अडचणीतून. म्हणजे ज्याला दिसतं त्याच्याकडे पुस्तक नाही आणि पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याला दिसत नाही, ही स्थिती इथल्या पोराने खेळात नव्हे, पहिलीच्या वर्गात अनुभवलेली असते. समोरची वस्तू त्याला नीट ठाऊक असते. तिच्यासाठी पुस्तकातला शब्द कोणता, तेवढंच ठाऊक नसतं.

एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत पहिल्या दिवशी दुसरीतली एक मुलगी पेटीपाशी बसली. तिला मराठी थोडी कळायची, बोलवत नव्हती. सातवीतली मुलगी पुस्तकापाशी. सहा मिनिटं झाली असतील, तापमान केव्हाच ८.० वर जाऊन थांबलं होतं, पेटीवरचा लाल दिवा लागलेला आणि दोघी गप्प. मग चौथीतली एक पोर कुणी न सांगता उठली आणि दोघींच्या मध्ये येऊन बसली. पेटीवाली माडियात सांगायची, मधली मराठीत, पुस्तकवालीचं उत्तर मधली पुन्हा माडियात. रंगांसाठी मधलीने शब्द शोधले नाहीत, वस्तू सांगितल्या: मिरचीसारखी, हळदीसारखी. ठशांच्या वेळी तर मधलीने पेटीवालीला वाक्य पुरं करू दिलं नाही, अर्ध्या शब्दावरच तिला प्राणी कळत होता.

त्या डावात सगळी कोडी सुटली, फक्त वेळ दुप्पट लागला. संध्याकाळी मी कोड उघडून एक नवा प्रकार घातला, तिघांचा. त्यात तापमानाची पायरी ५ ऐवजी १० सेकंदांची आहे. पेटीच्या मागच्या बाजूला त्यासाठी एक छोटा स्विच आहे आणि त्याच्या शेजारी कागदाच्या पट्टीवर दोन शब्द आहेत, एका बाजूला 'दोघं', दुसऱ्या बाजूला 'तिघं'. पट्टी चौथीतल्या त्या मुलीच्या अक्षरात आहे. 'तिघं' खाली तिने आणखी एक शब्द लिहिलाय, माडियातला, देवनागरीत. तो मी तसाच ठेवून वरून लॅमिनेशन केलं.